सतारीच्या लाकडाचे दोन पाय

कुणाच्याही घरी कॉम्प्युटरचा कीबोर्ड दिसला की मी तो आधी उचलून उलटा करून बघते. माझी सून म्हणते, "आई, झुरळं शोधताय का?" म्हणू दे बापडी. मी पाय बघते. कीबोर्डच्या मागच्या कडेला, खालच्या अंगाला दोन छोटे प्लास्टिकचे पाय असतात. बोटानं ओढले की उभे राहतात, दाबले की आत झोपतात. उभे केले की कीबोर्ड मागून उचलला जातो आणि आपल्याकडे उतरता होतो. निम्म्या लोकांना ते घडी होतात हे माहीतच नसतं. आम्हालाही नव्हतं. आणि त्या अडाणीपणापायी माझ्या अक्काचा जन्म साताऱ्यात दादाच्या घरी, मधल्या खोलीतल्या कॉटवर निघून गेला असता.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला कवठे महांकाळकडच्या एका गावात दिली होती. तिथं न्हाणीतल्या शेवाळावर घसरून ती उजव्या हातावर पडली. मिरज जवळ, मिरजेत दवाखान्याला दवाखाना लागून, पण सासरच्यांनी गावातल्याच हाड बसवणाऱ्याकडून बांबूच्या कामट्या बांधून घेतल्या. हाड बसलं, पण वाकडं. मनगट खाली झुकायचं, मागं मात्र वळायचं नाही. देवाला नमस्कार करताना तिचे तळहात नीट जुळायचे नाहीत, उजवा हात तिरका राहायचा. पुढं नवऱ्यानं दुसरं घर केलं आणि अक्का साताऱ्याला परत आली.

परत आली, पण रडत बसली नाही. टायपिंग शिकली. एका म्हाताऱ्या वकिलांकडे मराठी टायपिस्ट म्हणून लागली. टायपरायटर मुळात उंच, त्यात अक्का खुर्चीवर पाट टाकून आणखी उंच बसायची आणि वरून बोटं सोडायची. मनगट मागं वळवायची वेळच यायची नाही. तिचा टायपरायटर चालायला लागला की खालच्या रस्त्यावरचे लोक वर बघायचे म्हणे. हे मला तिनंच सांगितलंय, तेव्हा थोडं सोडून द्यायला हवं, पण हात तिचा वेगवान होता हे खरं.

मग वकीलसाहेब वारले. त्यांच्या मुलानं ऑफिस बंद केलं आणि अक्का घरी बसली.

दादाच्या घरी तिला कुणी टाकून बोलत नव्हतं. वहिनी वाईट नव्हती, उगाच कशाला खोटं बोलू. साखरेचा डबा वहिनीचा होता, एवढंच. मी सांगलीहून माहेरी जायचे तेव्हा अक्का मला 'बस' म्हणायची नाही. 'चहा घेशील का' एवढं साधं वाक्य, पण ते वहिनीकडे बघितल्याशिवाय तिच्या तोंडातून निघायचं नाही. वहिनी गिरणीत गेलेली असली, तर अक्का पदराशी चाळा करत माझ्यासमोर बसायची आणि नुसती हसायची. मला त्या हसण्याचा असा संताप यायचा! लहानपणी हीच अक्का मला दप्तरासकट उचलून शाळेत नेऊन टाकायची. मी म्हणायचे, "निघते गं, एसटी चुकेल," आणि एसटीला अजून भरपूर वेळ असायचा. स्टँडवरच्या कँटीनमध्ये चहा पिताना मला रडू फुटायचं, अन् चहावाल्याला वाटायचं हिला माहेर सोडवेना.

मी तेव्हा सांगलीत एका छापखान्यात होते. लग्नपत्रिका, हँडबिलं, कॅलेंडरं, दहाव्या-तेराव्याची कार्डं, असलं सगळं. आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो. मग नव्वदीच्या मध्यावर मालकांनी ऊस विकून कॉम्प्युटर आणला. मालक मूळचे पलूसच्या अंगाचे शेतकरी, भाऊ फौजेत, आणि हे देवभोळे, नेटके, चप्पल काढून ठेवतानासुद्धा जोडी जुळवून ठेवणारे. पुण्याहून कॉम्प्युटर बसवायला आलेला माणूस जाता जाता सहज म्हणाला, "काही हलवू नका हं." झालं! मालकांनी ते वेदवाक्य मानलं. कीबोर्डभोवती टेबलावर खडूनं चौकट आखली. पुसायला उचलला तर परत बरोब्बर चौकटीतच ठेवायचा. मी म्हटलं, "अहो, तो काय मुंजाचा पार आहे का?" तर म्हणाले, "आवं ताई, पुन्याचा मानूस सांगून गेलाय. त्यो काय खुळा हाय?"

त्या पुण्याच्या माणसानं कीबोर्डचे पाय उभे करून ठेवले होते. आम्हाला वाटलं, कीबोर्ड असाच असतो, मागनं उंच. पाय दिसायचे, पण ते आत मिटतात हे कुणाच्या डोक्यात येणार? टेबलाचे पाय मिटतात का?

भाद्रपदात पितृपंधरवडा लागला की छापखान्यात माशा मारायचं काम. त्या दिवसांत कोण पत्रिका छापतो आणि कोण दुकान उघडतो! त्या वर्षी मालकांना दिवाळीची चिंता होती. दिवाळीची हँडबिलं आणि लगोलग तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिका, एकट्या माझ्याच्यानं उरकणार नव्हत्या. मी तोंड उघडलं. म्हटलं, माझी थोरली बहीण मराठी टायपिस्ट आहे, अक्षरांच्या जागा त्याच आहेत, तिला नवीन असं काही शिकावं लागणार नाही.

"मग आना की," मालक म्हणाले. "आता काम न्हाई तवर हात बसू द्या त्यांचा. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी मी सोता बघनार. जमलं तर ठिवू. न्हाई जमलं तर राग धरायचा न्हाई."

मी त्याच रविवारी साताऱ्याला जाऊन अक्काची पिशवी भरली. दादा म्हणाला, "कशाला आता या वयात?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पेपर वाचायला लागला.

अक्का आली आणि कीबोर्डसमोर बसली. पहिल्या दिवशी तर नुसती मजा. ओळ संपली की तिचा डावा हात आपोआप वर जायचा आणि टायपरायटरची दांडी ढकलल्यासारखा हवेत ढकलायचा. एकदा असा हात गेला आणि मालकांची पाण्याची बाटली थेट कचऱ्याच्या डब्यात. मी हसून हसून टेबलावर पडले. अक्काही हसली, पदरानं डोळे पुसत. अशी हसताना मी तिला कैक वर्षांनी बघत होते.

पण दोन-तीन दिवसांत हसणं थांबलं. टेबल बुटकं, कीबोर्ड मागनं चढता. त्यावर बोटं ठेवायची तर पंजा मागं वळवावा लागायचा, आणि अक्काचा पंजा तेवढाच वळत नव्हता. खुर्चीवर पाट टाकून बघितला, तर डोकं पडद्याच्या वर जायचं आणि मान मोडायची. कीबोर्ड मांडीवर घ्यावा, तर मालक चौकटीकडे बोट दाखवायचे. ती दात दाबून लिहीत राहायची. संध्याकाळी मनगट सुजून यायचं. आमच्या घरी रोज रात्री जेवणानंतर मी आंबेहळदीचा लेप लावायचे. हळदीला सांगलीत काय तोटा! हात पिवळा झाला, सूज काही हटेना.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तिनं पिशवी भरली. "हात गेला गं माझा," म्हणाली. "टायपरायटरवर होता तेवढाच होता. देवाच्या मनात नसेल."

"देवाच्या मनात काय आहे ते तुला सांगायला आला होता का तो?" मी ओरडले.

"ओरडू नकोस. मालकांना मी शब्द दिलाय. दसरा झाला की येऊन त्यांना तोंडावर नाही म्हणून सांगेन. तू मध्ये बोलायचं नाही."

तिला एसटीत बसवून आले आणि घरी येऊन पातेली घासली. राग आला की मी पातेली घासते. आमचे हे तेवढ्या वेळात बाहेर फिरून येतात.

मग खंडेनवमी आली. छापखान्यात त्या दिवशी यंत्रं थांबवून त्यांची पूजा. कटिंग मशीनला हार, शाईच्या डब्यांना कुंकू, आणि यंदा कॉम्प्युटरचा पहिलाच दसरा म्हणून मालकांचा उत्साह उतू चाललेला. पडद्याला गंध लावलं. कीबोर्डवर अक्षता टाकायला निघाले होते, ते मी हात धरून थांबवलं, म्हटलं तांदूळ आत गेले की तुमचा पुण्याचा माणूस परत बोलवावा लागेल. तेव्हा म्हणाले, निदान पुसून तरी ठेवू. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कीबोर्ड उलटा केला. ओल्या फडक्यानं कोपरे घासता घासता 'टक्' असा आवाज आला आणि एक पाय त्यांच्या हातात.

मालकांचा चेहरा पांढरा पडला. इकडे तिकडे बघितलं, मी बघतेय हे दिसलं, आणि मग या माणसानं काय करावं? दुसराही पाय ओढून काढला. "एक ठिवला तर लंगडं दिसंल ओ," म्हणाले. "पूजंच्या वक्ताला बरं न्हाई. उद्या चिकटवू." दोन्ही पाय त्यांनी पूजेच्या तबकात ठेवले. त्यावर झेंडूची फुलं पडली, आपट्याची पानं पडली, नारळाची शेंडी पडली.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर कीबोर्ड टेबलावर पालथ्या ताटासारखा सपाट पडलेला. मी म्हटलं, "मालक, पाय?" ते तबक आणायला आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मग आले ते रिकामं तबक घेऊन.

"निर्माल्य काल घाटावर सोडून आलो," म्हणाले. "किस्नामाईला."

"आणि पाय?"

"...तेबी."

मी इतकी हसले की मशीनवरचा गडी बघायला आला. कृष्णामाईनं आजवर काय काय घेतलं असेल, पण कीबोर्डचे पाय पहिल्यांदाच. हसून झालं आणि मी कामाला बसले, तेव्हा मात्र माझी तंतरली. मला चढता कीबोर्ड सवयीचा. सपाटावर बोटं भलतीकडे पडायला लागली. एका साडीच्या दुकानाचं दिवाळीचं हँडबिल दुपारपर्यंत द्यायचं होतं आणि ओळीओळीला चुका. मी कीबोर्डला शिव्या घालत होते, मालक त्या स्वतःला समजून मुकाट बसले होते.

त्यात अक्का आली. साताऱ्याहून पहिल्या एसटीनं. हातात कंदी पेढ्यांचा पुडा. नकार सांगायला पेढे घेऊन येणारी बाई मी तेवढी एकच बघितली. मालक तेवढ्यात कागदवाल्याकडे गेले होते, म्हणून ती माझ्याशेजारी स्टुलावर टेकली. पुडा मांडीवर. थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"हे काय गं? एका ओळीत इतक्या चुका?"

"तू गप. पाय गेलेत याचे."

"परत चुकलीस."

"अक्का, मी आता हा उचलून बाहेर फेकीन हं!"

"हो बाजूला," अक्का म्हणाली. लहानपणी माझ्या वहीतलं गणित बघून म्हणायची ना, तसंच. मला उठवलं, पुडा माझ्या हातात दिला आणि बसली. पहिली ओळ झाली. डावा हात हवेत गेला, दांडी ढकलून आला. दुसरी ओळ. तिसरी. मी पुडा सोडून एक पेढा तोंडात टाकला होता, तो तसाच गालात राहिला. अर्धं हँडबिल झाल्यावर अक्का थांबली. उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरला, पुढून बघितला, मागून बघितला.

"दुखत नाही गं," ती हळूच म्हणाली.

आम्हाला दोघींनाही वाटलं, नवरात्रभर हाताला विश्रांती मिळाली, देवी पावली. अक्कानं तिथंच खुर्चीत बसून देवीची ओटी भरायचा नवस केला. मालक परत आले, त्यांनी ते हँडबिल वरून खालून वाचलं. "ह्ये कुनी लिवलं?" मी अक्काकडे बोट केलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, पेढ्यांच्या पुड्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "पेढं आदीच आनल्यात व्हय! मग काय, उद्यापास्नं या." अक्कानं नाही म्हणायला तोंड उघडलं होतं की हो म्हणायला, तिलाच ठाऊक. मी तिच्या तोंडात पेढा कोंबला.

ती आमच्याकडेच राहिली. सकाळी मी, दुपारनंतर ती, असं आम्ही कॉम्प्युटर वाटून घेतला. तिचा हात काय चालायचा महाराजा! मालक पाहुण्यांना बोलावून दाखवायचे. मी सपाट कीबोर्डवर रडतखडत चालवत होते, पण अक्का खुशीत आहे म्हटल्यावर माझं रडणं कोण ऐकतो.

आणि मग एक दिवस मालक मिरजेहून आले. त्यांच्या मनाला ती पायांची गोष्ट डाचत होती. नवं यंत्र, पहिला दसरा, आणि पाय नदीत! मिरजेला सतारी करणारे त्यांचे एक ओळखीचे होते, त्यांच्याकडून मालकांनी सतारीच्या लाकडाचे दोन पाय करून आणले होते. काय देखणे पाय ते! लालसर लाकूड, घोटून घोटून पॉलिश केलेलं, खाली निमुळते, वर खोबणीत बसायला बारीक दोन खुंट्या. सतार विकत घेणाऱ्यानंसुद्धा वळून बघावं असे. मिटायचे नाहीत, पण एका बाजूनं दाबून खोबणीत घातले की 'टक्' करून घट्ट बसायचे. मालकांनी नारळ फोडला, पाय बसवले आणि कीबोर्ड खडूच्या चौकटीत ठेवून लांबून डोळे भरून बघितला.

मला तर आनंदच झाला. माझा चढ परत आला, चुका थांबल्या.

त्या आठवड्यात अक्काचं बोलणं कमी झालं. मी म्हटलं दमत असेल. एका रात्री आम्ही जेवत होतो. अक्का भात कालवता कालवता थांबली. मग नुसत्या बोटांच्या टोकांनी कालवायला लागली, पंजा ताटापासून उचलून. मी तिचा हात धरला. मनगट भाकरीसारखं फुगलं होतं.

"कधीपासून?"

"ओटी भरायची राहिली ना, त्याचं असेल," ती म्हणाली. "दिवाळीत साताऱ्याला गेले की भरते. तू मालकांपाशी बोलू नकोस. आता कुठं काम मिळालंय. सोसतं मला."

ते 'सोसतं मला' ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. सासरी तेच, दादाकडे तेच, आणि आता इथंही तेच. मी उठून पातेली घासायला घेतली. घासता घासता डोक्यात विचार आला, देवी काय अशी मध्येच पावते आणि मध्येच कोपते? मधल्या काळात बदललं काय? माझा हात सुधारला आणि हिचा बिघडला, तो एकाच दिवशी. मी तसेच राखेचे हात घेऊन बाहेर आले. "अक्का, देवीचं काही नाही. पाय! ते लाकडाचे पाय!"

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर छापखान्यात गेले ते भांडायच्या तयारीनंच. मालक गल्ल्यावर बसले होते. मी सरळ टेबलाशी जाऊन कीबोर्ड उचलला आणि पायाला हात घातला.

"तू थांब," अक्का म्हणाली.

तिनं माझ्या हातातून कीबोर्ड घेतला. मालकांसमोर जाऊन उभी राहिली. कीबोर्ड छातीशी धरला. मला वाटलं, आता ही हसणार. तेच ते, दादाच्या घरातलं हसू. मी डोळे मिटून घेतले.

"मालक," अक्का म्हणाली, "हे पाय मला नकोत."

मालकांनी कीबोर्डकडे बघितलं, मग त्या लाल पायावरून बोट फिरवलं. "लय हौसेनं करून आनल्यात ओ," ते बारीक आवाजात म्हणाले.

"सुरेख आहेत. पण माझ्या हाताला चालत नाहीत. हात माझा मोडका आहे, मागं वळत नाही." तिनं नमस्कार केल्यासारखे दोन्ही हात जुळवून दाखवले, तो उजवा तिरका राहणारा हात. "मी बसेन तेव्हा ते काढून ठेवीन. बहीण बसेल तेव्हा ती घालील. आणि ही खडूची चौकट पण मला नको. मला कीबोर्ड जरा जवळ लागतो."

मी तोंडावर पदर धरला. चौकटीचं मी तिला सांगितलेलं नव्हतं. ते तिचं तिनंच वाढवलं होतं.

मालकांनी वाकून तिचं मनगट बघितलं. मग एकदम तापले. "मग इतकं दिस काय मिठाची गुळनी धरून बसला व्हता व्हय? आमाला काय सपान पडतंय तुमचा हात दुकतोय त्ये? काडा की! पाय हाईत त्ये, म्हसोबा न्हाई!" आणि उठून ओल्या फडक्यानं स्वतःच्या हातानं ती चौकट पुसून टाकली.

अक्कानं कीबोर्ड उलटा केला. पायाची एक बाजू अंगठ्यानं आत दाबली, जरा वाकवली. टक्. दुसरा. टक्. मालकांनी तपकिरीची रिकामी डबी पुढं केली आणि तिनं ते दोन्ही पाय डबीत ठेवले.

तेव्हापासून रोजचंच झालं. दुपारी ती बसली की पाय काढायची, सकाळी मी बसले की घालायचे. त्यावरून भांडणं तर विचारू नका. ती डबी कुठंतरी भलतीकडे ठेवायची आणि मी ओरडायचे, "अक्का, माझे पाय कुठं टाकलेस?" ती आतून, "परकराखाली बघ, तिथंच असतील!" सगळा छापखाना हसायचा. आता आठवलं की वाटतं, परत एकदा ती डबी हरवावी आणि परत एकदा मी ओरडावं.

पुढच्या उन्हाळ्यात मालकांनी आणखी एक कॉम्प्युटर घेतला. त्याच्याबरोबरच्या कीबोर्डचे पाय मिटणारे आहेत हे आम्ही आल्या आल्या शोधून काढलं, आणि मालकांनी कपाळावर हात मारला. अक्काला तो स्वतःचा कीबोर्ड मिळाला. जुन्याला मालकांनी पुण्याहून प्लास्टिकचे पाय मागवले आणि लाकडाचे उरले. मालक ते देवघरात ठेवणार होते, खोटं नाही सांगत. तेवढ्यात अक्का म्हणाली, "मालक, ते मला द्या."

"तुमाला तर नको व्हतं की."

"तेव्हा नको होते. आता हवेत."

त्याच महिन्यात तिनं सांगलीतच एक खोली भाड्यानं घेतली. मी म्हटलं, आमच्याकडे काय कमी आहे? आमचे हेही म्हणाले. दादानं साताऱ्याहून येऊन जगाची रीत सांगितली. अक्कानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि खोली घेतली.

रविवारी मी खोली बघायला गेले. ती बाजारातून येत होती, दारातच गाठ पडली. मी पिशवी धरायला पुढं झाले तर मला बाजूला सारलं, आणि त्या वाकड्या उजव्या हातानंच कुलूप उघडलं. एकच खोली. एक खिडकी, कॉट, दोरीवर साड्या, भिंतीला देवीचा फोटो. कोपऱ्यात चौरंगावर स्टोव्ह. फरशी तिथं खचलेली होती, चौरंग एका अंगाला कलंडला असता, म्हणून त्या अंगाला खाली दोन लालसर लाकडाचे तुकडे सारले होते. मी वाकून बघितलं. मिरजेचं पॉलिश अजून चमकत होतं.

मी दारातच घुटमळले. जुनी सवय. तोंडातून आपोआप गेलं, "निघते गं मी, घरी हे वाट बघत असतील."

"बस खाली," अक्का म्हणाली. "चहा टाकते. चहा घेतल्याशिवाय हलायचं नाही."

तिनं कुणाकडेही बघितलं नाही. तिनं फळीवरून नवा कोरा साखरेचा डबा काढला, झाकण उघडलं आणि चमचा भरून घातली, मग आणखी एक, मग आणखी एक. मी कॉटवर बसले आणि मला रडू आवरेना. ती पाठमोरी होती, तिनं बघितलं तरी दाखवलं नाही. चहा असा गोड झाला होता की ओठाला ओठ चिकटत होता.

"साखर जास्त झाली का गं?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आणखी अर्धा कप दे."